ओतिया जुळाऱ्याची नवी ओळ

कुताइसीच्या वाचनालयात गुरुवारी संध्याकाळी
हीटर एकच, म्हणून सगळे त्याच्याच बाजूला.
ओतिया एकाहत्तरचा. छापखाना बंद पडून वीस वर्षं झाली,
बोटांच्या टोकांना शिसं मात्र अजून आठवतं.

एलिसो त्याच्या नातीच्या वयाची.
फळ्यावर चौकोन काढून सांगते: हा ब्लॉक.
आला की नव्या ओळीवरच बसतो.
आत दोनच अक्षरं असली
तरी या काठापासून त्या काठापर्यंत जागा याचीच,
शेजारी कुणाला टेकू देत नाही. पुढच्याने खाली जायचं.
आणि हा इनलाइन. वाक्य चालू असताना मधेच शिरतो,
शब्दापुरता रुंद, अंग चोरून.
त्याला उंची द्या, रुंदी द्या, घेतच नाही.

ओतिया हसतो. हे तर ठाऊकच आहे, पोरी.
खिळे एकमेकांना खेटून उभे राहायचे,
मथळा एकटा, वर-खाली शिशाच्या पट्ट्या.
मी उलटं वाचायचो. तुमचं सुलट आहे, एवढंच.

मग सुनेच्या बेकरीचं पान करायला घेतो.
परिच्छेदात हौसेने एक डिव्ह ठेवतो
आणि परिच्छेद तिथेच मिटतो, न विचारता.
उरलेलं वाक्य बाहेर, उघड्यावर.
लोबियानीची किंमत
पानाच्या तळाशी एकटीच जाऊन पडली आहे.
ओतिया चष्मा पुसतो.
"त्याच्या पोटात ब्लॉक राहत नाही, बातोनो ओतिया.
स्पॅन घाला."

परतताना पुलावर, खाली रिओनी घोंघावत असताना,
त्याला जेवणाचं टेबल आठवतं.
तो उठायचा, हातात दारूचं शिंग,
पाहुणे गप्प, आणि बोलणं लांबत जायचं,
मेलेल्यांसाठी, मुलांसाठी, यंदाच्या द्राक्षांसाठी,
जुजुनाने काही म्हणायला तोंड उघडलं की
ओळ संपलेली असायची.
पुढच्या ओळीवर ती म्हणायची, चीज घ्या ना अजून.
पंचेचाळीस वर्षं.
आतला मजकूर, खरं सांगायचं तर, दोनच अक्षरांचा.

बस थांब्याच्या बाकावर जुजुना बसली आहे, बाजार करून.
एरवी हा ऐसपैस मधोमध बसतो,
ती उभी राहते, बस येते का बघते.
आज तो टोकाला सरकतो.
"बरं वाटत नाही का?"
"वाटतंय. तू सांग, बाजारात काय?"
ती बिचकत सांगू लागते: कोथिंबीर महागली,
मासळीवाल्या वाझाचा मुलगा पोलंडला गेला,
निरोपही न घेता, आणि वाझा
दिवसभर एकच मासा धूत बसला होता.
ओतिया मधे एक शब्द घालतो. एकच. "मग?"

दोघांमध्ये फट आहे, जेमतेम अक्षराएवढी.
पडद्यावर दोन शब्दांच्या मधे
ती नुसती ओळ बदलली तरी उरते, कुणी न मागता.
छापखान्यात तिच्यासाठी कोरा खिळा असायचा,
त्याचा वेगळा खण, डाव्या हाताला.

जुजुना बोलता बोलता
तिथे अक्रोडांची पिशवी ठेवते.