घुबडांची रात्र : नावनोंदणी आवश्यक

फळ्यावर खडूनं लिहिलंय:
शनिवार, सात वाजता. डोक्याला लावायचा दिवा आणा.
गरम मोजे. कुत्री नकोत.
घुबडं येतीलच असं नाही.

शेवटची ओळ इर्याची.
ती दर ऑक्टोबरात लिहिते, आणि दर ऑक्टोबरात
कुणीतरी विचारतंच, मग पैसे परत मिळतील का?

आज अकरा जण. मागच्या रविवारी, पानं बघायच्या फेरीला, चाळीस होते.
मेपल लाल असेतो लोकांना वाट सापडते.
आता टेकडी अर्धी उघडी पडलीय,
दलदलीकाठचे टॅमरॅक तेवढे पिवळे,
तेही सुया गाळायच्या बेतात.
लेक सुपिरियरवरचा वारा थेट बाहीत शिरतो.

इर्या पुढे. चौऱ्याहत्तर वर्षांची,
तीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
त्यामुळे मागे कोण रेंगाळतंय हे तिला न वळता कळतं.
"दिवे विझवा," म्हणते, "पाय बघतील."
आणि खरंच, थोड्या वेळानं
पायांना कळू लागतात मुळं,
ओल्या फळ्या, शेवाळ, चिखलाची कड.
आठ वर्षांचा बोडी माझा अंगठा धरून चालतो,
आपण कुणाचा धरलाय हे न बघता.

जाळी रिकामी.
चाळीस मिनिटांनी पुन्हा रिकामी.
फांदीला टांगलेल्या भोंग्यातून नराची हाक वाजत राहते,
टू टू टू टू,
दूर कुणी ट्रक मागे घेत असावा तशी.
वेंडेल किव्हेला बाकावर बसल्या बसल्या घोरू लागतो.
सून त्याच्या मांडीवर थर्मास ठेवते,
म्हणजे हलणार नाही.

तिसऱ्या फेरीला, जाळीच्या खालच्या घडीत
मूठभर अंधार.
त्याला डोळे.

खोलीत आणून इर्या तिला
संत्र्याच्या रसाच्या रिकाम्या डब्यात उलटी घालते, वजनासाठी.
डब्याबाहेर दोन पाय, पिसांचे पायमोजे घातलेले.
सगळे हसतात. इर्या हसत नाही.
पायात आधीच कडं आहे.

नोंदवही यंदापासून माझ्याकडे.
आकडा दोनदा वाचून घेतो, जुन्या वह्या उपसतो.
पाच वर्षांपूर्वीची सतरा ऑक्टोबर,
अक्षर हेल्मीचं, उजवीकडे कललेलं,
पानावर कॉफीच्या कपाचं गोल बूड.
मादी. ब्याण्णव ग्रॅम.
आणि जिथं रकानाच नाही तिथं:
चावली. बरोबरच केलं.

मी मोठ्यानं वाचतो.
इर्या बहिणीच्या अक्षरावर बोट ठेवते –
नाही, ठेवत नाही, हात घुबडानं भरलेत.
पान जरा इकडे कर, एवढंच म्हणते.

मग खोलीतला दिवा बंद, जांभळा दिवा सुरू.
पंख उलगडला की आत गुलाबी पेटतं,
कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.
नवी पिसं भडक. जुनी विटलेली, उन्हानं.
"म्हणजे म्हातारी आहे?" बोडी.
"काही काही पिसं," इर्या.

बाहेर बोडीच्या बाहीवर ठेवली तिला.
उजेडातून आलेल्या डोळ्यांना वेळ लागतो,
तोवर कुणी बोलायचं नाही.
वेंडेल जागा झालाय, टोपी छातीशी धरून उभा,
कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं.
एक मिनिट. दोन.
बोडी श्वास कुठं ठेवावा या विवंचनेत.

"गेली?" तो विचारतो.
बाही रिकामी आहे.
अकराजणांपैकी एकानंही पाहिलं नाही,
पंखांचा आवाज तर नव्हताच.

आत येऊन लिहितो:
मादी. पंच्याण्णव ग्रॅम. दहा वाजून वीस.
पेन कागदाच्या कडेला अडतं.
"चावली का?" इर्या हातमोजे काढत विचारते.
नाही.
"मग तसं लिही.
हेल्मीला आवडलं नसतं."