उपणणी

टॅलिस वेलला पोचलो तेव्हा दुपारचे तीन.
शेवटचा पेट्रोल पंप दोनशे किलोमीटर मागे,
मधे नुसता गेरू, आणि गेरूवर सावली न पाडणारी झुडपं.
गावाच्या पाटीवर लोकसंख्या, आणि
शून्यातून आरपार गेलेली बंदुकीची गोळी.

"अकरा," ऑड्री ट्रेगीअर म्हणाली, "कुत्री धरून."

तिच्या जुडग्यात चर्चची किल्ली, हॉटेलची,
आणि नसलेल्या बँकेचीसुद्धा.
पत्रे केव्हाच लोकांनी नेले. दार तेवढं उभं, चौकटीसकट.
तिनं कुलूप काढलं, मला आत घेतलं.
आत आकाश.
"इथं कॅशियर. इथं काटा," बोटानं हवेत जागा दाखवत गेली.
मी टेबल चुकवून चाललो.

इथलं पाणी म्हणे वाफेचं.
खाऱ्या तळ्याचं पाणी उकळायचं, वाफ धरायची, गॅलनवर विकायची.
सोनं सापडलेले देशोधडीला लागले;
वाफ विकणारा ओ'ड्रिस्कल
पर्थला दुमजली घर बांधून अंथरुणात मेला.
आता नळ आहे, चोवीस तास.
तरी ऑड्री कप विसळते बोटभर पाण्यात
आणि ते पाणी जिरेनियमला घालते.

विहीर कुठाय, विचारलं.
ते डेल्विनला विचार, म्हणाली.

डेल्विन रस्त्याचा ग्रेडर चालवतो.
इंजिन बंद न करता बोलला:
"विहीर आमची. टॅलिसनं आमच्या दोघांना साखळीनं बांधलं,
खारवलेलं मांस चारलं दोन दिवस,
मग सोडलं, आणि मागं मागं गेला.
नाव मात्र त्याचं लागलं."
एवढं सांगून त्यानं पातं खाली केलं.
मला दाखवायला त्यानं विहीर दाखवली नाही.
मीही परत विचारलं नाही.

संध्याकाळी वारा सुटला.
पाणी नव्हतं तर सोनं धूत कशात, मी म्हटलं.
ऑड्रीनं पत्र्याच्या दोन थाळ्या आणल्या,
एक खांद्यावर धरली, एक जमिनीवर ठेवली,
वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी वाऱ्याकडे तोंड करून बघितलं,
मग पाठ फिरवली
आणि वरची माती धार धरून खाली सोडली.
हलकं ते कुंपणाकडे गेलं. जड ते थाळीत.

"उपणतात!" मी ओरडलो, मराठीत.

मग सांगावंच लागलं.
आमच्याकडे धान्य असं उपणतात, वावडीवर उभं राहून.
आणि माझा बाप झारेकरी.
सराफांची दुकानं उघडायच्या आत पेठेतली गटारं झाडायचा,
गाळ घमेल्यात घोळवायचा, तासन् तास, मनगट न हलल्यासारखं.
पाणी आमचं, सोनं दुसऱ्याच्या हातून सांडलेलं.
शाळेत मी सांगायचो, वडील सराफ्यात आहेत.

ऑड्री थाळीकडे बघत राहिली.
"बँक मोडली त्या वर्षी," म्हणाली,
"सासऱ्यानं आणि मी जमिनीच्या फळ्या रात्री उचलून आणल्या.
जाळल्या. राख चाळली.
साठ वर्षं बुटांनी फटींत नेलेलं, सव्वातीन औंस.
हे अजून कुणाला ठाऊक नाही."

काय केलं त्याचं?

"फ्रीज. रॉकेलवर चालणारा.
पहिला बर्फ जमला तेव्हा सासरे
तो खडा हातात धरून बसले, वितळेपर्यंत.
मग तळवा चाटला."

फ्रीज अजून शेडमध्ये आहे. दार काढलेला.
आत एक तांबडी कोंबडी बसते.
निघताना ऑड्रीनं दोन अंडी उकडून दिली,
कागदात चिमूटभर मीठ.
तळ्याचंच, म्हणाली.

डेल्विननं सारखा केलेला रस्ता संपतो
तिथं गाडी थांबवून खाल्ली.
दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी करकरलं.

थुंकायच्या आधी
जिभेवर दोनदा घोळवून पाहिलं.