एकशे वीस शब्दांत

ऑफिसातून तिसऱ्यांदा चिठ्ठी आलीय:
कोच वुकोविच, तुमची पार्श्वभूमी,
एकशे वीस शब्दांत, शुक्रवारपर्यंत.

पहाटेचे पावणेपाच. बाहेर उणे एकवीस.
नॉर्थ डकोटात मार्च नुसता कॅलेंडरवर उगवतो.
ट्रेसा हीटरवर मोजे वाळत घालते,
वजनांच्या कपाटाला पाठ टेकून लिहिते:
गोळाफेक, चार वर्षं, विद्यापीठाकडून.
व्यायामशास्त्राची पदवी.
दोन प्रमाणपत्रं. एकाची मुदत संपलीय,
ते खोडते.
मग निखळलेला खांदा. तोही खोडते.
सदतीस शब्द झाले.

उरलेल्या त्र्याऐंशीत मावत नाही
ब्यूटमधल्या वृद्धाश्रमाचं मागचं दार,
तांब्याच्या खाणीत फुप्फुसं ठेवून आलेले म्हातारे,
त्यांचा साबणाचा, लघवीचा, पेपरमिंटचा वास,
आणि आई. मिल्का वुकोविच, रात्रपाळी,
उंची पाच फूट एक इंच,
दर दोन तासांनी एकेकाला कुशीवर वळवणारी,
पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
घरी सांभाळायला कुणी नाही, तेव्हा नऊ वर्षांची ट्रेसाही तिथेच,
चादरींच्या गाडीवर, मांडीवर भागाकार.

"बघ," आई म्हणायची,
"आधी जवळ जा. लांबून उचललं की ओझं दुप्पट होतं.
पाय रोव. श्वास पोटात धर.
पाठीने नाही गं, पायांनी.
आणि हात लावायच्या आधी त्याला सांग,
की आता मी तुला वळवतेय."

पुढे हे सगळं पुस्तकात भेटलं,
बाणांच्या आकृत्यांसकट.
शेवटचं वाक्य तेवढं नव्हतं.

काल तो लुंडे, विलिस्टनचा,
फुटबॉलच्या पहिल्या फळीतलं एकशे चाळीस किलोचं धूड,
रिकामा बार उचल म्हटल्यावर फुरंगटला.
"हे असलं तुम्ही शिकलात कुठे, कोच?"
ती काही न बोलता चटईवर आडवी झाली,
अंग सैल सोडलं.
"मी ब्याऐंशी वर्षांची. कंबरेखाली जीव नाही.
हिसका न देता मला कुशीवर वळव."

पोरं फिदीफिदी हसली.
लुंडेने हात घातला, तिची मान मागे लटकली.
"मेले," ती म्हणाली.
पुन्हा. पुन्हा मेली.
तिसऱ्यांदा नुसता खांदाच ओढला, तेव्हा तर शिव्या घालत मेली.
चौथ्यांदा तो गुडघ्यांवर बसला,
अगदी लगटून, एक तळवा मानेखाली,
आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला,
"आजी, आता मी तुला वळवतोय हं."

हसणं कधी थांबलं, कळलं नाही.
हे वाक्य तिने त्याला शिकवलं नव्हतं.

त्याच्या तक्त्यावर लिहिलंय:
उंची. वजन. विलिस्टन. डावा गुडघा.
कोण आहे त्याच्या घरी अंथरुणावर,
किती वर्षं, किती रात्री,
तिने विचारलं नाही. नंतर विचारायला हवं होतं,
पण तो तोवर बारखाली गेला होता,
जवळ, पाय रोवून,
आणि बार सरळ वर आला.

सदतीस शब्द ती तसेच पाठवून देते.
बाहेर कुणीतरी बुटांवरचा बर्फ आपटतंय,
पाचला अजून सात मिनिटं आहेत.
मोजे ओलेच आहेत. ती तेच घालते.