ओळंबा

ग्युम्रीच्या त्या व्यायामशाळेत आरसा नव्हता.
छताच्या खिळ्याला दोरी,
दोरीच्या टोकाला पितळी भोवरा:
गवंड्याचा ओळंबा.
ह्राचिक मास्तर आधी काळ्या दगडाच्या भिंती बांधायचे,
मग वजनं उचलणाऱ्या पोरी बांधायला लागले.

"दोरीशेजारी उभी राहा, न्वार्द."
राहिले.
छाती काढून, हनुवटी वर,
शाळेत झेंड्यापुढे राहतात तशी.
"ताठ आहेस," ते म्हणाले, "सरळ नाहीस."
काठीला खडू बांधून त्यांनी ठिपके दिले,
कानाखाली, खांद्यावर, खुब्यावर, घोट्यावर.
चार ठिपके, चार गावं,
एकाचा रस्ता दुसऱ्याकडे जाईना.

"बरगड्या खाली.
गुडघ्याचं कुलूप काढ.
टाचेला जमीन कळू दे."

दोरी म्हणाली, बरोबर.
अंग म्हणालं, पडतेयस.
शप्पथ सांगते, वाटलं मी पुढे कलले आहे,
विहिरीत डोकावावं तशी.
चौदा वर्षं मागे रेलून जगत होते
आणि त्याला उभं राहणं म्हणत होते.

हिवाळाभर नुसती दांडी.
लोखंड इतकं गार की तळवे चिकटायचे.
आस्तघिक साठ किलोवर गेली,
मी आपली तीच रिकामी दांडी
नडगीला घासत वर, मांडीला घासत वर.
"लांब धरलंस की जड होणार.
जवळ घे, पोरी,
मांजर उचलतेस तसं."

एकदा मफलर विसरले म्हणून परत गेले.
दिवा एकच चालू.
मास्तर दोरीशेजारी उभे, अनवाणी.
डावा खांदा चार बोटं खाली,
कंबर एका अंगाला गेलेली.
भूकंपात तो पाय भिंतीखाली सापडला होता,
एवढं गावात सगळ्यांना ठाऊक.
भिंत त्यांनीच बांधलेली, हे मला नव्हतं.

त्यांनी लाकडाची एक चकती
पायाने ओढून टाचेखाली घेतली.
कंबर हळूच जागेवर आली,
मग पाठ, मग मान,
जुनी दारं एकामागून एक उघडावीत तशी.
आणि मी दिसले त्यांना.

"ती भिंत ओळंब्यात होती," ते म्हणाले.
"केसभरही फरक नव्हता."
"मग?"
"मग काय. पडली."
चकतीवरून उतरले, पुन्हा वाकडे झाले,
बूट शोधू लागले.
"उद्या पाच किलो लावू. कानावरून टोपी घे, बर्फ आहे."

जिना उतरताना दप्तर
नेहमीच्या खांद्यावरून काढून
दुसऱ्यावर टाकलं.
तो खांदा दचकला,
नव्या भाडेकरूसारखा
घरभर चाचपडत राहिला,
बटण कुठे, खिडकी कुठे.