एक नग जास्त

मोटर उघडली तेव्हा मोजून ठेवलं सगळं
जुन्या वर्तमानपत्रावर, खडूनं आकडे घालून:
दोन पिस्टन, स्प्रिंगा, पाण्याच्या पंपाचं चिरलेलं रबर,
प्रोपेलरची पिन (तीही मूळची नव्हे, खिळा कापून बसवलेली).
मोटरीचं नाव वेतेरोक. रशियनमध्ये झुळूक.
नाव ठेवणाऱ्यानं ती चालू असताना ऐकली नसावी.

पुस्तकात एकशे चौदा नग, चित्रांसकट.
माझ्या कागदावर एकशे पंधरा.

हा शेवटचा निघाला एक्झॉस्टच्या वाटेत,
काजळीनं बुजलेला, चार जिभा वाकवून घट्ट रोवलेला.
दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवला तेव्हा भोकं दिसायला लागली,
बारीक, गोलात गोल, आखून पाडल्यासारखी.
कडेला मात्र कानशीचे ओरखडे.
वडिलांचा हात. डावखुरा. तिरके ओरखडे.

कार्दलाच्या राइवोनं तो उलटा केला, सुलटा केला, हुंगलासुद्धा.
"कार्ब्युरेटरचा नाही. पंपाचा नाही.
गाळायला म्हणावं, तर धूर कोण गाळून घेतं?
फेकून दे. याच्यामुळेच दम कोंडत असणार हिचा."
खरंच. आमची मोटर जन्मभर मरगळलेली.
शेजारच्या होड्या पुढं निघून जायच्या
आणि वडील म्हणायचे, म्हातारी झाली बिचारी.
तेव्हा ती तीन वर्षांची होती.

तुकडा स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला.
आई बटाटे सोलत होती. अठ्ठ्याऐंशीची आहे, चष्मा लावत नाही.
सुरी खाली ठेवली. बोटानं गोल मोजले, सहा.
"माझी दुधाची गाळणी आहे ही.
म्हणजे तळ तिचा.
सालमेनं नेली म्हणून मी अकरा वर्षं
तिच्याशी बोलले नाही."
सालमे केव्हाच गेली. चर्चच्या मागं, बर्चच्या झाडाखाली.

शेडच्या दारातून आमच्या हीउमाचं टोक दिसतं,
त्यापुढं समुद्र, त्यापलीकडं स्वीडन.
स्वीडन दिसत नाही.
त्या काळी दिसत नाही असंही म्हणायचं नसे.
शिपाई रोज होड्या मोजायचे,
संध्याकाळी किनाऱ्यावर दाताळं ओढून वाळू सारखी करायचे,
पाऊल पडलंच तर सकाळी उमटलेलं दिसावं म्हणून.
आणि वडील मासे साफ करत बसायचे, शीळ घालत.
ताकास तूर लागू दिली नाही माणसानं.

कोणत्या रात्रीसाठी होतं हे?
मी पाच वर्षांची होते. लोकरीचे मोजे
एकदा उगाचच दोन जोड्या विणले गेले होते माझ्यासाठी,
की ते त्या वर्षीच्या थंडीसाठी? आईला आठवत नाही.
होडीत तिघांची जागा होती.
एकाचीही होती.

मी हे विचारलं नव्हतं.
आई बटाट्याचं साल लांबच लांब काढत म्हणाली,
"आवाज शिपायांना जाऊ नये म्हणून असेल.
नाहीतर मला.
माझी झोप सावध, हे ठाऊक होतं त्याला."

शनिवारी मोटर जोडली, पिंपात पाणी भरून चालवली,
एकशे चौदा नगांची.
अशी गरजली की धक्क्यावरचे समुद्रपक्षी उठले,
राइवो रस्त्यावरून हात उंचावून हसला.
पन्नास वर्षांचा कोंडलेला दम होता तो.
आई दारात आली, कानांवर हात.
दुसऱ्याच कुणाची वाटतेय, म्हणाली.

मग एप्रनच्या खिशातून काढला तो तळ,
वाळूनं घासून लख्ख केलेला.
मला वाटलं, सिंकवरच्या खिळ्याला टांगायला सांगेल.
दूध आता कागदी डब्यात येतं, गाळायचं काही उरलं नाही.

"बसव परत," ती म्हणाली.
"सालमेच्या नातवाला सांगून ये आधी.
मग बसव."