दुसरी खूण

करावे गावातल्या साडेबारा टक्क्यांवरून
बायशी अकरा वर्षं बोललो नाही.
आता तिची किडनी माझ्या उजव्या कुशीत.

वाशीला महिन्यातून एकदा सलाईन लागतं.
डॉक्टरीणबाई रिपोर्टच्या पाठीवर दोन गोल काढतात:
पेशीला नुसती ओळख पुरत नाही,
'हा परका' एवढ्यावर ती उठत नाही,
दुसरी खूण लागते, चिथावणीची.
औषध तेवढी झाकून धरतं.
मग पेशी बघते, थबकते,
बघूनही गप्प राहायला शिकते.

मला चिथावणारे पुष्कळ होते:
वकील, साडू,
बिल्डरचा तो चहा पाजणारा माणूस.

आज बाय डबा घेऊन आली.
निवट्यांचं कालवण.
"बिनमिठाचं केलंय," म्हणाली.

खटला बेलापूर कोर्टात आहे अजून.
पुढची तारीख सतरा.