राखेचा देवमासा

माझं काम वजनाचं.
ओस्त्रावात, भट्टीच्या फाटकापाशी, भंगाराचे ट्रक
आधी भरलेले काट्यावर घेते, मग रिकामे.
दोन आकड्यांमधली वजाबाकी म्हणजे माल.
बाकी काही, ड्रायव्हरच्या शपथा, ताडपत्रीवरचा बर्फ,
मी मोजत नाही. म्हणजे बर्फ मोजला जातोच,
आणि त्यावरूनच भांडणं होतात.

शुक्रवारी संध्याकाळी ओताकरच्या तळघरात
साठ पत्त्यांची गड्डी घेऊन बसते.
साठांत एक देवमासा.
किंमत नऊ. नऊ अंगारे विझवल्याशिवाय
तो राखेबाहेर तोंड काढत नाही,
आणि काढलं की टेबलावरचं सगळं गिळतो,
समोरच्याचं, आणि माझंही:
कंदीलवाला, दोन्ही खेचरं, ती पुलावरची म्हातारी
जिनं मला आठ फेऱ्या जिवंत ठेवलेलं असतं.

दर फेरीला एक अंगारा मिळतो.
डाव बहुतेक सहाव्या-सातव्या फेरीत संपतो.
करा हिशेब.

मी केला. चौकटीच्या वहीत, सूप उकळेपर्यंत.
बारा शुक्रवार, अठ्ठेचाळीस डाव.
हातात आला: अकरा वेळा.
उतरवता आला: दोनदा.
त्यातला एक डाव मी तसाही जिंकत होते.
उरलेल्या नऊ वेळा तो हातात बसून राहिला
लग्नातल्या रुसलेल्या मामासारखा,
ना जेवतो ना उठतो.

पण त्या दुसऱ्या डावाचं काय करू?
समोर क्विदो होता, सोळा वर्षांचा, नखं कुरतडलेली,
सतरा उंदीर मांडून.
मी नववा अंगारा सरकवला, पत्ता उलटला,
आणि शेजारच्या टेबलांवरचे आवाज थांबले.
फक्त हीटर खडखडत होता.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

वर पुन्हा पैसे आहेतच.
ओताकरच्या काचेच्या कपाटात असल्या पत्त्यावर
अठराशे कोरुनांची चिठ्ठी असते.
आणि योलानाच्या बुटांत पाणी शिरतं.

मार्चमध्ये विकून टाकला.
त्याच्या जागी दोन अंगाऱ्यांचा एक पाणक्या घातला,
गरीब, वेळेवर येणारा.
कुणाला बोलले नाही.

आणि मग ही गंमत.
क्विदो तरीही माझ्याशी जपून खेळायचा.
सहाव्या फेरीपासून निम्मे उंदीर बिळातच ठेवायचा,
दोन जाळी हातात दाबून धरायचा, देवमाशासाठी.
मी चार डाव जिंकले
नसलेल्या पत्त्याच्या जोरावर.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, आकडा तोच.
माझ्या काट्यावर असं झालं असतं
तर मी मेकॅनिकला बोलावलं असतं.

एप्रिलमध्ये एकदा क्विदो उशिरा आला.
सरळ कपाटाशी गेला. खिशातून नोटा काढल्या,
मग नाणी, घरोघर पिझ्झा पोचवून जमवलेली.
ओताकरनं ती दोनदा मोजली
आणि माझ्याकडे मुळीच पाहिलं नाही.
पत्त्याचा डावा कोपरा किंचित दुमडलेला. माझाच.
‘व्लास्ता,’ क्विदो म्हणाला, ‘आता दोघांकडे आहे!’

वही पिशवीत होती.
उघडून दाखवता आली असती: बघ पोरा,
अकरापैकी नऊ वेळा.
पण तो पत्ता दिव्याखाली तिरका धरून उभा होता,
राखेची चमक हनुवटीवर पडलेली,
आणि मला एकदम त्याच्या सायकलची आठवण झाली,
बाहेर पावसात उभी, मागे तो चौकोनी डबा.

आम्ही बसलो.
चौथ्या फेरीत माझ्या हातात जाळं आलं.
समोर एक माजलेला उंदीर होता, तेव्हाच टाकायचं.
ठेवून दिलं.
पाचव्या फेरीत दुसरं. तेही.
सहाव्या फेरीत उंदरांनी मला खाल्लं,
दोन्ही जाळी हातात, कोरी करकरीत.

‘होता का?’ मी विचारलं.
क्विदोनं पत्ते गोळा केले
आणि पिसायला लागला.